वाटूरकर सरांचं बेट

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाला रंग दिला. रंगारी येण्याआधी भिंती मोकळ्या करायच्या होत्या, म्हणून नवीन मॅडमनी मला बोलावलं. नंतर कधी तरी तिथं आणून ठेवलेलं मोठं कपाट सरकवलं तर त्यामागं नकाशेच नकाशे, एकावर एक चिकटवलेले. सगळे एकाच बेटाचे. लांबट आकार, एका बाजूनं चेपलेला, हुलग्याच्या दाण्यासारखा. आणि प्रत्येक नकाशात जवळजवळ मधोमध लाल पेन्सिलीचा एक ठिपका. मॅडम म्हणाल्या, हे काय आहे, ठेवायचं का टाकायचं? मी त्यातला माझा तेवढा शोधून काढला आणि घडी करून पिशवीत ठेवला. वाटूरकर सर कोण होते हे चार वाक्यांत सांगायला गेले आणि चौथ्या वाक्याला अडकले. म्हणून हे लिहून बघते आहे.

सरांचं आडनाव वाटूरकर असलं तरी वाटूरला त्यांचं काही नव्हतं. परतूरला जाताना फाट्यावर गाडी थांबली तर चहा पिण्यापुरतं गाव, असं ते म्हणत. तीन पिढ्या जुन्या जालन्यातच गेल्या. एका कापड दुकानाच्या वर त्यांचं घर होतं. कॉलेजात ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जूनमध्ये नेमणूक आणि मार्चमध्ये ती संपली. असं बारा-तेरा वर्षं चाललं होतं. अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेनं आणि त्यातलं एकही नीट न चालणारं. एका जागी बसलेले ते मला आठवत नाहीत. चहा उभ्यानं प्यायचे, हजेरी घेत वर्गात फिरायचे, आणि कुठंही गेले की तोंडातल्या तोंडात पावलं मोजायचे. विभागापासून ग्रंथालय किती पावलं, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं.

मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. भूगोल मी घेतला तो आवड म्हणून नाही. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनानं कोणता विषय असं विचारलं आणि माझ्या पुढच्या मुलीनं भूगोल सांगितला होता, म्हणून मीही तेच सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना त्या बेटाची बाह्यरेषा काढलेला एकेक कागद दिला. बेट अरबी समुद्रातलं, लक्षद्वीपकडचं. माणूस नाही. पोवळ्याची वाळू, नारळाची झाडं, एका बाजूला उथळ निळं पाणी, दुसऱ्या बाजूला लाटा. एवढं सांगून ते म्हणाले, हे बेट तुम्हाला दिलं, वसवा. घरं कुठं, बोटीचा धक्का कुठं, संडास कुठं, पाणी कुठून, सगळं दाखवा. आम्ही मन लावून काढलं. मी तर एक शाळाही काढली होती.

दुसऱ्या दिवशी सर कागद चाळत फिरू लागले आणि माझ्यापाशी थांबले.

"सपकाळ, हा लाल ठिपका काय आहे?"

"बोअर आहे सर."

"किती फूट?"

"चारशे."

"न्हाई लागलं पाणी तर?"

"मंग पाचशे."

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी तेच केलं होतं. जाफ्राबादच्या पोरानं बोअर मारला होता, मंठ्याच्या पोरीनं मारला होता, आणि नंतर कळलं की दरवर्षी सगळेच मारतात. सर खूश झाल्यासारखे दिसले, पण ते खूश होणं जरा विचित्र होतं. म्हणाले, "बराबर आहे. आपण जालन्याची माणसं. पाणी न्हाई लागलं की खाली जायचं, अजून न्हाई लागलं की अजून खाली. पण तिथं खडक न्हाई गं. तिथं वरणावर तूप तरंगतं ना, तसं समुद्राच्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं. वाळूच्या आत, पातळ थर. तूप पाहिजे तर चमचा वरच्यावर फिरवावा लागतो. तू चमचा बुडापर्यंत घातला. आलं वरण."

मग ते सगळे नकाशे त्यांनी भिंतीवर चिकटवले, जुन्यांच्या वर. मला तेव्हा वाटलं, आमची चूक दाखवायला चिकटवतात. मी त्या भिंतीकडं बघायचं टाळत असे.

तिसऱ्या वर्षाला असताना मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि सरांनी मला प्रबंध टाईप करायला बसवलं. त्याच बेटावरचा प्रबंध. बेटाची भूरचना आणि विकासक्षमता, असा विषय. सरांना सेट परीक्षेनं तीनदा थोडक्यात हुलकावणी दिली होती, त्यामुळं कायम व्हायचं तर पीएच.डी. हाच रस्ता उरला होता. आणि त्या वर्षी दोन्ही गोष्टी एकदम आल्या होत्या. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ दिवाळीनंतर संपत होती, आणि कॉलेजात किती तरी वर्षांनी भूगोलाची एक कायम जागा निघाली होती. प्रबंधाचे पाच भाग तयार होते. सहावा, म्हणजे विकासक्षमतेचा, होत नव्हता. त्यात एक आकडा लिहायचा होता: या बेटावर किती माणसं राहू शकतील.

सांगायला लागले की सर चालायला लागत. 'पश्चिम किनाऱ्याची' हे विभागात, 'पावसाळ्यात होणारी झीज' हे व्हरांड्यात, आणि 'पूर्वेकडील वाळूच्या भरीने भरून निघते' हे थेट पाण्याच्या टाकीपाशी. मी वही घेऊन मागं मागं. तिथून परत येऊन टाईप करायचं. आमचे शिपाई मामा एकदा म्हणाले, सपकाळबाई, सरांच्या कमरेला एक दोरी बांधा आणि टोक तुमच्याकडं ठेवा. सर थांबले आणि मामांना म्हणाले की ते बेटसुद्धा असंच आहे, एका बाजूनं झिजतं, दुसऱ्या बाजूनं वाढतं, म्हणजे चालतंच आहे की. मामा म्हणाले, मंग त्यालाबी दोरी बांधा.

आकडा खाली खाली येत होता. नोंदणीच्या वेळी सरांनी स्वतःच चारशे लिहिला होता. मग एका माणसाला रोज किती पाणी लागतं हे मांडलं आणि दीडशे झाला. संडासाचं पाणी त्या पातळ थरात उतरणार हे धरलं, तेव्हा साठ. पश्चिमेला घरं बांधली तर काही वर्षांत ती समुद्रात जाणार, पूर्वेला बांधली तर कासवं अंडी घालायची थांबणार. डिझेल कुठं ठेवायचं, कचरा कुठं टाकायचा. दर दोन दिवसांनी मी खोडायचे आणि नवीन टाईप करायचे. शेवटी सर म्हणाले, "आकड्याची जागा मोकळी सोड. पुढं जाऊ." आम्ही पुढं गेलो, पण त्या मोकळ्या जागेवाचून पुढचं एकही वाक्य नीट उभं राहीना.

मार्गदर्शक सरांचा फोन यायचा. तेही वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की विषयात विकासक्षमता आहे तर क्षमता दाखवा, पर्यटक निवास दाखवा, दोनशे माणसं दाखवा. कोण जाऊन मोजणार आहे? सर हो सर, हो सर म्हणत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचे आणि फोन बंद करून तसेच उभे राहायचे.

एकदा पेनड्राइव्ह आणायला मी त्यांच्या घरी गेले. सर नव्हते, काकू होत्या. त्या तहसीलमध्ये कारकून होत्या, नुकत्याच ऑफिसातून आलेल्या. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, तेही आठवड्यानं, आणि काकू साडी खोचून हंडे, बादल्या, कळशा, डबे, जे सापडेल ते भरत होत्या. मीही भरू लागले. काकू बोलत होत्या आणि हात चालू होते. म्हणाल्या, इथं घरात थेंब न्हाई आणि तुमचे सर तिकडं समुद्रात पाणी मोजून राह्यले. लग्न झालं तेव्हा बेट, पोरगं झालं तेव्हा बेट. मग नळ बंद झाला आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"तू टाईप करते ना गं? मंग तूच टाक. दोनशे टाक. त्यांना म्हण, चुकून राहिलं."

मी भरलेली कळशी आत नेऊन ठेवली.

"जागा गेली तर परत किती वर्षांनी निघंल? ते पंचेचाळीसचे झाले. मी काय बंगला मागून राह्यली का?"

मला काकूंचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी विभागात मी एकटी होते, तेव्हा त्या मोकळ्या जागेत मी 'दोनशे' टाईप केलं. परिच्छेद एकदम पुरा दिसायला लागला. छान दिसायला लागला. मी तो तीनदा वाचला आणि मग काढून टाकलं. का काढलं ते मला नीट सांगता येत नाही. त्या भिंतीकडं लक्ष गेलं म्हणून असेल, किंवा नुसतीच भीती वाटली असेल.

सर आल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खिडकीपाशी गेले, परत दाराशी गेले, आणि मग दार लोटून घेऊन मला जे सांगितलं ते त्यांनी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एका पाहणी पथकाबरोबर ते त्या बेटावर गेले होते. अकरा माणसं, नऊ दिवस. तिथं नारळांच्या मधे एक खड्डा होता, पोवळ्याच्या दगडांनी बांधून काढलेला, फक्त कोपरभर खोल. शेजारच्या वस्तीच्या बेटावरून मासेमारीच्या हंगामात कोळी यायचे आणि त्या खड्ड्यातलं पाणी प्यायचे. नारळाच्या करवंटीनं भरायचं, पुन्हा झिरपेपर्यंत थांबायचं. पथकानं पहिल्या दिवशी पाणी तपासलं, गोड निघालं, तशी नोंद झाली. मग अकराजण त्याच पाण्यानं आंघोळ करायला लागले, कपडे धुवायला लागले. सहाव्या दिवशी खड्डा लवकर भरेना. कुणी तरी विचारलं, खोदायचं कुणाला येतं? चोवीस वर्षांचे वाटूरकर पुढं झाले. जालन्याचा पोरगा. फावडं घेतलं आणि वाळू काढत काढत कमरेपर्यंत गेले. पाणी भसाभसा वर आलं. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली, पाणाड्या म्हणून नाव ठेवलं. त्या संध्याकाळी सगळे पोटभर प्यायले.

सकाळी भात खारट झाला.

त्यांनी वाळू परत ढकलून बघितली. उपयोग झाला नाही. बोट यायच्या आदल्या दिवशी कोळी आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं करवंटी भरून तोंडाला लावली आणि चूळ थुंकावी तसं थुंकलं. मग तो खड्ड्याच्या काठाशी वाकून बघत राहिला. दगड कसे सुटले ते बघितलं. भांडला नाही. एक शब्द बोलला, तो सरांना कळला नाही. आणि संध्याकाळी त्याच कोळ्यांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी या अकरा जणांना दिलं.

"आणि अहवालात काय गेलं माहिती का?" सर म्हणाले. "गोडे पाणी उपलब्ध. पहिल्या दिवशीची नोंद. खाली माझी सही. माझा अख्खा प्रबंध त्या नोंदीवर उभा आहे."

मग मला म्हणाले, लिही. मी टाईप करू लागले. 'प्रस्तुत संशोधकाने सहाव्या दिवशी सदर खड्डा कमरेइतका खोल केला. त्यामुळे बेटावरील एकमेव पाणी खारट झाले.'

मी विचारलं, "सर, प्रबंधात असं लिहितात का?"

"न्हाई लिहीत."

"मंग?"

"तू लिही."

आकड्याच्या जागी त्यांनी 'सांगता येत नाही' असं सांगितलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रबंध गेला. काकूंना मी नंतर बाजारात भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, किती टाकलं? मी खरं सांगितलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बरं म्हणाल्या.

मौखिक परीक्षेला मी लॅपटॉप धरायला म्हणून गेले होते. बाहेरून आलेले परीक्षक कोकणाकडचे होते, वयस्कर, कमी बोलणारे. मार्गदर्शक सर घड्याळाकडं बघत होते. वाटूरकर सरांनी झीज, भर, वारे, पाऊस, सगळं न अडखळता सांगितलं. त्या खड्ड्याचंही सांगितलं. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: आता ते पाणी कसं आहे?

सरांना बेटावरची झाडं माहीत होती, वाळूचा कण माहीत होता. हे माहीत नव्हतं. तसं ते म्हणाले.

परीक्षक म्हणाले, मग प्रकरण पुरं झालेलं नाही. बघून या आणि पुरं करा. पदवीची शिफारस त्यानंतर.

जागेची मुलाखत त्याच महिन्यात होती. सरांच्या हातात पदवीचा कागद नव्हता. जागा नवीन मॅडमना मिळाली. त्या चांगलं शिकवतात, हे मी आवर्जून लिहिते, कारण यात त्यांचं काही चुकलेलं नाही. सरांचे आमच्या कॉलेजातले तासही जूनपासून संपले. त्यांना परतूरच्या एका कॉलेजात थोडे तास मिळाले.

ते दिवस फार वाईट गेले असं म्हणवत नाही, कारण सर दुःखी दिसत नव्हते. नुसते थांबत नव्हते. बेटावर जायचं तर परवानगी लागते. तिचे अर्ज, शिक्के, फोन. मला दिवसातून चार वेळा फोन यायचा, एखाद्या अर्जातली ओळ बदल म्हणून. मी कंटाळायचे आणि बदलायचे. परवानगी आली त्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे म्हणलं मी. खर्चा होऊ दे. न्हाईतर ह्या जिन्यावर वर-खाली करून करूनच संपतील."

सर गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. मी तेव्हा एम.ए.ला प्रवेश घेतला होता. दुपारी कॉलेजच्या जिन्यात गाठ पडली. नाक उन्हानं सोलून निघालेलं. त्यांनी हातानं लिहिलेली दोन पानं मला टाईप करायला दिली. त्यात आकडा होता. आठ माणसं, मासेमारीच्या हंगामापुरती, खड्डा कोपरापेक्षा खोल नको.

मी म्हटलं, सर, एवढं तर ते कोळी आधीपासूनच करत होते. सर म्हणाले, हो ना, तेच मला कळायला एवढी वर्षं लागली. तो म्हातारा आता नव्हता. त्याचा पुतण्या भेटला. तो म्हणाला की चार पावसाळे जाईपर्यंत त्यांनी घरून पाणी नेलं. मग खड्डा पुन्हा बांधला, जुन्या जागेपासून थोडा बाजूला. पुतण्याला ते खोदणारे कोण होते ते ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलं. तो काय म्हणाला हे मात्र सरांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून एक काचेची बाटली काढली. त्या खड्ड्यातलं पाणी, उकळून गाळून एवढ्या लांबून आणलेलं. तपासायचं ते तपासून झालं होतं. टोपण काढून त्यांनी टोपणभर पाणी माझ्यापुढं धरलं.

"बघ, जिभेला खारट लागतं अजून. माझ्या तर लागतंय."

मी ते प्यायले. जिभेवर थोडा वेळ धरलं. सर माझ्या तोंडाकडं असे बघत होते की मला खोटं बोलावंसं वाटलं, पण काय खोटं बोलायचं तेही सुचेना.

"खरं सांगू का सर? हे आमच्या धावड्याच्या पाण्यापेक्षा गोड आहे."

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर बसतो, चहा फाटतो. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

सर एक पायरी खाली गेले, परत वर आले.

"कितीवर लागलंय तुमचं?"

"साडेसहाशे. यंदा अजून शंभर घेतलेत."

"गावाकडं कधी जाणार?"

"शनिवारी."

"शनिवार कशाला? तीनची भोकरदन गाडी असंल."

मी म्हटलं, उद्या माझं प्रॅक्टिकल आहे. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मी शनिवारीच गेले आणि सोमवारी परत आले तेव्हा सर परतूरला होते. त्यानंतर फोनवर बोलणं झालं, पण प्रत्यक्ष भेट झालेली नाही. त्या दुपारी जिन्यात मी त्यांना बघितलं ते शेवटचं. त्यांनी बाटली उन्हात धरून एकदा बघितली. मग तोंडाला लावली आणि उभ्याउभ्या, न थांबता, तळापर्यंत प्यायले. रुमालानं ती आतून पुसली, टोपण लावलं आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"भरून आण," म्हणाले. "जल्दी."